घरच्या हातचें वीजकाम : किती करावें व कोठें थांबावें

कुणब्याचें घर म्हणजे एक लहानसा कारखानाच होय. औताचें जूं मोडलें, दावें तुटलें, पन्हळ गळूं लागली किंवा कौलें फुटलीं, तर दर वेळीं बाहेरच्या कारागिराची वाट पाहत बसणाऱ्यास शेती करितां येणार नाहीं. बलुतेदारी चालू होती तेव्हांहि निम्मीं किरकोळ कामें घरधनी आपल्याच हातानें उरकीत असे. ती मोडल्यावर तर बहुतेक सर्वच त्याच्या गळ्यांत आलीं आहेत. हा त्याचा गुण आहे, आणि आम्हीं तो दोष म्हणून दाखविणार नाहीं. तेव्हां विजेच्या कामांतहि त्यानें हात घातला यांत नवल नाहीं. आज चाकणच्या आसपासच्या कोणत्याहि मळ्यांत जावें. पक्कड, टेस्टर आणि काळी टेप हीं तिन्हीं कोयत्या-खुरप्याच्या शेजारीं खुंटीस लागलेलीं दिसतील.

परंतु जूं आणि वीज यांत एक भेद आहे, व तो ध्यानांत न घेतल्यामुळेंच घरें उघडीं पडतात. जूं मोडणार असेल तर तें आधीं करकरतें. दोर तुटण्यापूर्वीं त्याचा पीळ सुटलेला डोळ्यांस दिसतो. विजेच्या कामांतील दोष दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं. दिवा लागतो, पंखा फिरतो, मोटार पाणी देते आणि दोष मात्र जागच्या जागीं दबा धरून बसतो. शिवाय ज्यानें चूक केली त्यालाच ती भोवेल असेंहि नाहीं. बापानें घाईंत मारलेला जोड चार पावसाळ्यांनीं लेकराच्या हातास लागतो. म्हणून शेतकऱ्यानें घरचें वीजकाम किती करावें व कोठें थांबावें, याचा विचार संघाच्या सभासदांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

परक्याच्या चुकीवर लिहिणें सोपें असतें. यास्तव आम्हीं आपल्याच चुकीपासून आरंभ करितों.

महसूल खात्यांतील लेखणी खालीं ठेवल्यावर आम्हीं भामा नदीच्या कांठच्या आपल्या वडिलोपार्जित मळ्यांत राहावयास आलों. घर जुनें, गोठा मात्र नवा, लोखंडी अँगलांवर पत्रे घालून उभारलेला. खेड, आंबेगांव, जुन्नर या तालुक्यांत उंसाच्या फडांतून बिबट्याचा वावर सुरू झाल्यापासून गोठ्यांत रात्रभर दिवा हवा, हें येथील प्रत्येक मळेकरी जाणतो. घरापासून गोठा सुमारें साठ फुटांवर. आम्हीं चाकणच्या पेठेंतून दोन तारांची वायर आणली, ती पत्र्यांच्या कडेवरून नेली आणि बांधणीच्या लोखंडी तारेनें अँगलांस आवळून टाकिली. मध्येंच ती चार फूट कमी पडली, तेव्हां दुसरा तुकडा जोडून वर टेप गुंडाळली. तिसरी, म्हणजे अर्थची तार घेतलीच नव्हती. दिव्यास तिची काय गरज, असा आमचा समज होता. संध्याकाळीं दिवा लागला, आणि आम्हांस परीक्षा उत्तीर्ण झाल्यासारखा आनंद झाला.

दोन पावसाळे सुखरूप गेले. तिसऱ्या श्रावणांत एके सकाळीं सूनबाईनें सांगितलें, “मामा, गोठ्याच्या खांबाला हात लागला कीं मुंग्या येतात.” आम्हीं वर्तमानपत्रांतून मान वर न करितां म्हणालों, “ओल आहे, पायांत चप्पल घालून जा.” दुसऱ्या दिवशीं पहांटे दुसऱ्या वेताची म्हैस दावणीवरच कोसळली. तिची सांखळी त्याच खांबास होती. सूनबाई ती सोडावयास धांवली. शेजारच्या मळ्यांतील एक मुलगा, जो वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पुरा करून चाकणच्या एका कारखान्यांत लागला आहे, रात्रपाळी संपवून त्याच वेळीं बांधावरून येत होता. तो ओरडला, “वहिनी, हात लावूं नका!” आणि घरांत शिरून त्यानें मेनस्विच पाडला. त्यास यावयास दोन मिनिटें उशीर होता, तर हा लेख लिहावयास आम्हांस तोंड राहिलें नसतें.

म्हैस पाऊण लाखाची होती. पंचनाम्यास आम्हीं कोणास बोलाविलें नाहीं. आयुष्यभर लोकांच्या नुकसानीचे कागद आमच्या हातांखालून गेले. या कागदावर कारणाच्या रकान्यांत काय लिहावें लागेल, तें आम्हांस पुरतें ठाऊक होतें.

झालें होतें तें असें. वाऱ्यानें पत्रा हालत राहिला, त्याच्या धारेनें वायरीचें वेष्टण थोडथोडें कापलें, आणि आंतील फेजची तार पत्र्यास लागली. पत्र्यावरून वीज अँगलांत उतरली. अँगल दगडी पायांत रोवलेला. उन्हाळ्यांत कोरडा असतां त्यांतून जमिनींत फारसा प्रवाह जात नव्हता, पावसांत पाया भिजल्यावर तो जाऊं लागला. तथापि तोहि इतका थोडा, कीं घरांतला फ्यूज त्यानें तापलासुद्धां नाहीं. सूनबाईस आलेल्या मुंग्या हीच त्या विजेनें दिलेली वर्दी होती. ती आम्हीं ऐकिली नाहीं.

येथें एका सार्वत्रिक गैरसमजाचा उलगडा केला पाहिजे. “आमच्या घरांत फ्यूज आहे,” किंवा “आम्हीं नवीन एम. सी. बी. बसविली आहे, आतां भीति नाहीं,” असें पुष्कळ जण म्हणतात. हीं दोन्हीं साधनें वायरीचें रक्षण करण्यासाठीं आहेत, माणसाचें नव्हे. हिशेब साधा आहे. घरच्या विजेचा दाब सुमारें २३० व्होल्ट. ६० वॅटचा जुन्या धर्तीचा दिवा पाव अँपिअरच्या किंचित् वर प्रवाह घेतो. माणसाच्या छातींतून अँपिअरचा दहावा भाग गेला तरी हृदयाची गति बिघडून प्राण जाऊं शकतो. म्हणजे एक दिवा लावण्यास जितका प्रवाह लागतो, त्याच्या निम्म्याहून कमी प्रवाहांत माणूस दगावतो. आणि ५ अँपिअरच्या फ्यूजला याचा पत्ताहि लागत नाहीं. गुरांची गोष्ट याहून नाजूक आहे. त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर मोठें, पाय सदा शेणामुताच्या ओलींत, आणि एका पायांतून दुसऱ्यांत जाणाऱ्या प्रवाहाची वाट हृदयावरून. म्हणून ज्या ओल्या जागेंत माणसास नुसता झटका बसतो, त्याच जागीं म्हैस मरते.

“मग चांगलें अर्थिंग केलें म्हणजे झालें,” असें कोणी म्हणेल. अर्थिंग अवश्य पाहिजे; पण तेवढ्यानें भागतें असें नाहीं. मुरमाड, कोरड्या जमिनींत नळी पुरून केलेल्या अर्थिंगचा अडथळा ३० ओहम आहे असें धरूं. यंत्राच्या पेटीस २३० व्होल्टची फेज लागली, तर त्या वाटेनें फार तर पावणेआठ अँपिअर जमिनींत जातील. १६ अँपिअरची एम. सी. बी. त्यानें पडणारच नाहीं, आणि पेटी भारलेली ती भारलेलीच राहील. याकरितां आर. सी. सी. बी. नांवाची कळ बसवावी लागते. बाजारांत अजूनहि कित्येक जण तिला ई. एल. सी. बी. म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत आला कीं नाहीं, याचा ती अखंड ताळा घेते. जमेच्या व खर्चाच्या बाजूंत ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांपैकीं तीन भागांचा फरक पडला, कीं निमिषार्धांत वीज तोडते. कचेरींतल्या कोणत्याहि कारकुनास इतका चोख ताळा कधीं साधला नाहीं. एका बेताच्या घरास पुरेल अशी कळ साधारणपणें दोन-अडीच हजार रुपयांत येते. आमच्या म्हशीच्या किंमतींत अशा तीस आल्या असत्या.

तथापि या कळीलाहि मर्यादा आहे. कोरड्या फळीवर उभें राहून कोणी एका हातानें फेज व दुसऱ्या हातानें न्यूट्रल धरिलें, तर तिला तो माणूस म्हणजे एक दिवाच वाटतो, व ती पडत नाहीं. दुसरें असें, कीं ती वारंवार पडते म्हणून तिला काढून टाकणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. ती पडते याचा अर्थ घरांत कोठें तरी गळती आहे. राखणीचें कुत्रें भुंकतें म्हणून त्यास मारून टाकावें, तशांतला हा प्रकार झाला.

आतां शेतकऱ्याचीहि बाजू सांगितली पाहिजे. वीज आमच्या दारीं आली ती सहजासहजीं नव्हे. आमच्याच सह्याद्रीच्या पाण्यावर टाटांचें खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं चालू झालें आणि मुंबईच्या गिरण्या फिरूं लागल्या. पुढें मुळशीच्या धरणासाठीं मावळ्यांच्या जमिनी गेल्या. त्याविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह उभा राहिला व सेनापति बापट यांनीं त्याचें नेतृत्व केलें. धरण झालें, भिऱ्याचें वीजगृह १९२७ सालीं सुरू झालें, आणि त्या खोऱ्यांतली वीज घांट उतरून मुंबईस गेली. १९६० सालीं राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें. त्याच्याच वेळीं खेड्यांतून तारा पोंचल्या, आणि २००५ सालीं मंडळाची विभागणी होऊन वितरणाचें काम महावितरणकडे आलें. इकडे १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघालें. प्रथम पिंपरी-चिंचवड आणि मागून चाकण कारखान्यांनीं भरून गेलें. ज्यांच्या वडिलांनीं कंदिलाच्या उजेडांत दारें धरलीं, त्यांच्या हातीं वीज आली तेव्हां ती कशीहि कां होईना, घरांत घ्यावी, अशी घाई त्यांस झाली. तारेची जाडी, अर्थची तार, जोडाची पेटी हे विचार मागें पडले. हें क्षम्य आहे. परंतु त्या घाईस आतां दोन पिढ्या लोटल्या, आणि घाई मात्र अंगवळणीं पडली.

दुसरी अडचणहि खरी आहे. वायरमन वेळेवर मिळत नाहीं. एकेका माणसाकडे कितीक वाड्या-वस्त्या. कांद्याची रोपें माना टाकीत असतां, आणि पाण्याची पाळी रात्रीची असतां, “उद्यां येतों” हें उत्तर कोणास गोड लागेल? कारखान्यांनीं आसपासचे शिकलेले हात उचलून नेले, ते शेतावर पांचशें रुपयांच्या कामास येत नाहींत. तेव्हां शेतकरी स्वतःच पक्कड उचलतो. “तीस वर्षें आम्हींच करितों, कांहीं झालें नाहीं,” हें वाक्य आम्हीं शंभर वेळां ऐकिलें आहे, आणि श्रावणांतील त्या पहांटेपर्यंत आम्हीं स्वतःहि तेंच म्हणत होतों. न मेलेल्यांच्या साक्षीवरून विजेचा खटला निकालांत काढतां येत नाहीं.

गोठ्याहून मोठें जोखीम आतां आमच्या टापूंत आणखी एका ठिकाणीं उभें राहिलें आहे. कुरुळी, निघोजें, महाळुंगें, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी या गांवांत कित्येक शेतकऱ्यांनीं कामगारांस राहण्यासाठीं ओळीनें खोल्या बांधल्या. भाड्याचें उत्पन्न हल्लीं कांद्याहून भरंवशाचें झालें आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु वायरिंग पाहावें तर एका मीटरवरून बारा खोल्या ओढलेल्या, आणि तेंहि मालकानें स्वतः किंवा गंवड्याच्या हाताखालच्या पोरानें. हिंवाळ्याच्या पहांटे पहिल्या पाळीस जाणारे बाराहि जण बादलींत पाणी तापविण्याचा रॉड सोडतात. एक रॉड १५०० वॅटचा, म्हणजे साडेसहा अँपिअरचा. बारा मिळून ७८ अँपिअर. मुख्य वायर असते चार चौरस मिलिमीटरची, जिनें पंचवीस-तीस अँपिअर वाहावेत. प्रवाह तिप्पट झाला कीं उष्णता नऊपट होते, हा नियम कोणाच्या मर्जीवर नाहीं. फ्यूज उडूं लागतो. मग त्यांत तांब्याची जाड तार घालतात. मग फ्यूजऐवजीं भिंतींतली वायर जळते. त्या खोल्यांत मराठवाड्यांतून, विदर्भांतून, बिहारांतून पोटासाठीं आलेलीं कुटुंबें निजलेलीं असतात. त्यांनीं भाडें दिलें आहे, आणि त्यांच्या जिवाचे राखणदार आपण आहों. ज्यास जमीनदार म्हणवून घ्यावयाचें आहे त्यानें ही जबाबदारी घेतलीच पाहिजे.

याच ओघांत आणखी एक इशारा. शेतीपंपाची वीज त्या खोल्यांस जोडूं नये. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस एप्रिल २०२४ पासून राज्यसरकारच्या योजनेप्रमाणें मोफत वीज मिळत आहे. ती पाणी काढण्यासाठीं आहे. ज्या कामासाठीं जोडणी घेतली तें सोडून दुसऱ्या कामास वीज वापरणें हा २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १२६ खालीं अनधिकृत वापर ठरतो, व आकारणी दुप्पट दरानें होते. तारेवर आंकडा टाकणें ही तर कलम १३५ प्रमाणें चोरीच. तिला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कागद जन्मभर हाताळल्यामुळें आम्हांस ठाऊक आहे, कीं असल्या प्रकरणांत वाचलेला पैसा व्याजासह परत जातो.

शेतांतील रोहित्र, ज्यास आपण डी. पी. म्हणतों, तेंहि आपल्या हातचें नव्हे. तें वारंवार जळतें व आपण खात्यास शिव्या देतों. पण आपला वांटा किती, तो पाहावा. १०० केव्हीएचें रोहित्र सुमारें १३९ अँपिअर देऊं शकतें. पांच अश्वशक्तीची मोटार चालतांना साडेसात अँपिअर घेते. पंधरा मोटारी मिळून ११२, म्हणजे रोहित्रास झेपेल असा भार. पण मोटार सुरू होतांना सहापट प्रवाह ओढते. सर्वांनीं स्टार्टरला ऑटोस्विच लावून ठेवले असले, तर गेलेली वीज परत येतांक्षणीं पंधराहि मोटारी एकदम उठतात, आणि रोहित्रावर ६७५ अँपिअरचा, म्हणजे जवळजवळ पांचपट भार कोसळतो. रोहित्र जळलें, कीं आठ दिवस सर्वांचेंच पाणी बंद. ऑटोस्विच काढावे, कपॅसिटर बसवावे, आणि मोटारी मागेंपुढें चालू कराव्या, एवढ्यानें पुष्कळ काम होईल. डी. पी. चा फ्यूज वाळक्या काठीनें बसविण्याचें धाडस मात्र कोणीहि, कितीहि सराव असला तरी, करूं नये. वीज गेली असतां घरचा जनरेटर प्लगमधून उलटा जोडणाऱ्यांसहि हेंच सांगणें आहे. ती वीज रोहित्रांतून उलट चढून तारेवर जाते, आणि खांबावर काम करीत असलेला, बायकामुलें असलेला लाइनमन प्राणास मुकतो. त्यासाठीं चेंजओव्हर स्विच असतो. तो नसेल तर जनरेटर लावूं नये.

मग शेतकऱ्यानें पक्कड टाकून द्यावी काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. सुदैवानें कायद्यानेंच एक शहाणपणाची रेघ ओढली आहे. १९५६ च्या वीजनियमांत ती होती, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या व पुढें २०२३ च्या विनियमांतहि ती कायम आहे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच व घरगुती उपकरणें बदलणें, म्हणजे ज्यानें जोडणीची शक्ति व स्वरूप पालटत नाहीं असें काम, घरधन्यास मोकळें आहे. नवी वायर ओढणें, जोडणी वाढविणें, फेरफार करणें हें परवानाधारक ठेकेदारानें, जाणकाराच्या देखरेखीखालीं करावयाचें. आम्हीं ही रेघ शेतकऱ्याच्या भाषेंत अशी सांगूं : आहे तें बदलावें, नाहीं तें वाढवूं नये.

या रेघेच्या अलीकडे घरधन्यास करण्यासारखें पुष्कळ आहे. मेनस्विच पाडून, टेस्टरनें खात्री करून, होल्डर किंवा तडकलेलें बटण बदलावें. पण तो टेस्टर आधीं चालू जागीं लावून पाहावा, कारण बिघडलेला टेस्टरहि पेटत नाहीं. फ्यूजमध्यें नेमलेल्याच जाडीची तार घालावी. कपडे वाळविण्याची तार विजेच्या खांबास अथवा सर्व्हिस वायरीस बांधूं नये, गुरें खांबाच्या ताणास बांधूं नयेत. पत्र्यावर जेथें वायर टेंकते तेथें ती उचलून घ्यावी. उन्हाळ्यांत अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घालावें. आर. सी. सी. बी. वरील चाचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबून ती पडते कीं नाहीं तें पाहावें. खंडेनवमीस स्टार्टरच्या पेटीस हळदकुंकू वाहतां, तें अवश्य वाहावें. पण आधीं वीज बंद करावी, आणि पाणी शिंपडूं नये. डुकरें येतात म्हणून कुंपणांत घरची वीज सोडणें हें पाप तर आहेच, शिवाय गुन्हाहि आहे. तेथें डुकराऐवजीं शेजाऱ्याचा मुलगा सांपडतो.

रेघेच्या पलीकडचें काम वायरमनाकडेच द्यावें. आणि वायरमन मिळत नाहीं ही अडचण एकेकट्याची न ठेवतां संघानें अंगावर घ्यावी, ही आमची सूचना आहे. खतें, बियाणें एकत्र घेणाऱ्या संघास हें अशक्य नाहीं. पहिली गोष्ट, संघानें एका परवानाधारक वीज ठेकेदाराशीं वर्षाचा करार करावा व सभासदांनीं ठरलेल्या दरानें त्याच्याकडूनच काम घ्यावें. एकास एक काम परवडत नाहीं, दोनशें घरांचें काम परवडतें. दुसरी, संघानें वेष्टण तपासण्याचा मेगर आणि अर्थिंग मोजण्याचें यंत्र विकत घ्यावें. दोन्हीं यंत्रें घरटीं विकत घेणें वेडेपणा होईल, पण संघाच्या मालकीचीं असलीं तर वर्षानुवर्षें पुरतील. ५०० व्होल्टच्या मेगरवर एक मेगओहमहून कमी आंकडा दाखविणारें वायरिंग चालूं देऊं नये, असा नियम सर्वांस लागू करावा. तिसरी, दर वर्षीं रोहिणी नक्षत्रांत, म्हणजे मृग निघण्यापूर्वीं, प्रत्येक सभासदाचें घर, गोठा, विहीर व भाड्याच्या खोल्या यांची तपासणी करावी. पेरणीआधीं बियाणें उगवण पाहून घेतों, तशीच ही पावसाआधींची पाहणी. तिची घरवार नोंदवही ठेवावी. तारेची जाडी, अर्थिंगचा आंकडा, आढळलेला दोष, दुरुस्तीची तारीख. सात-बाराच्या उताऱ्यावर विहिरीची नोंद असते. त्या विहिरीवरचा स्टार्टर माणूस मारील कीं नाहीं, याची नोंद कोठेंच नसते. ही वही लिहिण्याचें काम आम्हीं बिनमोल करूं.

चौथी गोष्ट शिक्षणाची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री व तारतंत्री यांचे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. आपलीं मुलें तेथून निघून कारखान्यांत जातात, तीं जावोत. पण सुटीच्या एखाद्या रविवारीं त्यांनीं गांवांतील बायकांस व मुलांस चार गोष्टी दाखवाव्या. बायकांस, हें मुद्दाम लिहितों. दिवसभर घरांत, गोठ्यांत, मोरींत त्याच असतात. पहिली मुंगी त्यांच्याच हातास येते.

धक्का बसलेल्या माणसास प्रथम हात लावूं नये, मेनस्विच पाडावा. तें न साधल्यास कोरड्या लांकडावर उभें राहून कोरड्या काठीनें घरांतील वायर दूर करावी. खांबावरची तार तुटून पडली असेल तर तिच्याजवळहि जाऊं नये, १९१२ या क्रमांकावर महावितरणला कळवावें. माणूस सुटल्यावर श्वास नसेल, तर वाळूंत पुरणें, मातींत लोळविणें असले उपाय करण्यांत वेळ घालवूं नये. छातीच्या मध्यभागीं दोन्हीं तळहात एकावर एक ठेवून मिनिटास १०० ते १२० या वेगानें जोरानें दाबीत राहावें, व दुसऱ्यानें १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत दाबणें थांबवूं नये.

आमच्या गोठ्याचें काम आतां नव्यानें झालें आहे. वायर नळींतून, पत्र्यास न लागतां गेली, तीन तारा आहेत, जोड पेटींत आहे, गोठ्याची आर. सी. सी. बी. वेगळी आहे. काम परवानाधारक माणसानें केलें व आम्हीं शिडी धरून उभे होतों. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस चाचणीचें बटण सूनबाई दाबते. तो मान तिचा आहे. कारण या घरांतील विजेचा दोष प्रथम तिनें ओळखला होता, आणि आम्हीं तिला चप्पल घालावयास सांगितलें होतें. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं आज कोणी “मुंग्या येतात” असें म्हणत असेल, तर त्यांनीं हा अंक खालीं ठेवून प्रथम मेनस्विच पाडावा. उरलेलें मागाहून वाचतां येईल.